सांगली सांगलीत कोण ऐकतं?

भाऊकाकांच्या गाडीत बसायचं तर दारातच चार्जर जमा करावा लागतो. लायटरच्या भोकात खुपसायचा तो दोनशे रुपयांचा चार्जर काकांच्या लेखी तंबाखूपेक्षा वाईट. "त्याच्या पोटात सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद, चालू-बंद चाललेलं असतं. दर वेळी ते कार्टं ओरडतं. तुला ऐकू येत नाही, माझ्या रेडिओला येतं." मग चार्जर, डॅशकॅमची वायर, चाकात हवा भरायचा पंप, एकदा तर पाहुण्यांच्या नातवाचे लुकलुकणारे बूट, सगळं डिकीत जातं. अनवाणी नातू रडत मागे बसतो. काका आरसा नीट करत नाहीत, सीट पुढे घेत नाहीत. आधी रेडिओ लावतात आणि मान तिरकी करून ऐकू लागतात. गाणं नव्हे, गाण्याच्या मागची खरखर.

हे आमचे लांबचे काका. एका बँकेत हेडकॅशियर होते. हाताला लागताच फाटकी नोट ओळखायचे, तसाच आता कानाला लागताच आवाज ओळखतात. आपल्यासारख्या अडाण्यांना खरखर म्हणजे एकच वस्तू वाटते. काकांकडे तिच्या जाती, पोटजाती आणि गोत्रं आहेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की भराभर होणारी टिकटिक म्हणजे स्पार्क प्लग. इंजिनाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटर. पाऊस नसताना वायपर लावून पाहायचे, चुरचुर वाढली तर वायपरची मोटर. कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज आला, तर रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर चिनी मातीची चिमणी तडकलेली. असा खांब सापडला की ते गाडी थांबवून त्याचा नंबर टिपून घेतात. आणि मे महिन्यात दुपारी आभाळ स्वच्छ असताना मिडियम वेव्हवर मध्येच 'खर्रर्र-ठस्' झालं, तर कुठेतरी चाळीस-पन्नास कोसांवर वीज चमकलेली. या एका विद्येचा घराला उपयोग झालाय. एके वर्षी पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या त्यांनी वळवाच्या पावसाची वर्दी दिली आणि गच्चीवरच्या कुरडया वाचल्या. काकू अजून ते सांगतात. त्यानंतर सलग तीन वर्षं त्यांनी दिलेल्या वर्दीवर कुरडया आत-बाहेर झाल्या आणि पाऊस काही आला नाही, हेही सांगतात.

बाकीची माणसं गाडी घेतात आणि मग तिच्यात रेडिओ बसवतात. काकांनी रेडिओ आधी घेतला. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी त्यांना मोटारीतला मिडियम वेव्हचा रेडिओ मिळाला. दोन बटणं, मध्ये काचेआड सुई. तो त्यांनी दोन वर्षं घरात बॅटरीला जोडून कपाटावर वाजवला. पण मोटारीतला रेडिओ घरात वाजवणं म्हणजे घोडा अंगणात बांधून त्यावर टॉवेल वाळत घालणं, हे त्यांना खुपत होतं. शेवटी बँकेतून कर्ज काढून रेडिओला साजेशी एक जुनी फियाट आणली. रेडिओ ठेवायला तेव्हा लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन फी भरायची. ती सरकारने पुढे रद्द केली, पण काकांनी ते लायसन्सचं पुस्तक अजून जपून ठेवलंय, आरसी बुकाच्या वर.

फियाटमध्ये रेडिओ बसवला आणि पुणे केंद्राऐवजी फियाटच ऐकू येऊ लागली.

याचं कारण काका ज्या तऱ्हेने सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. "मार्कोनीने पहिले संदेश पाठवले ते कशाने? ठिणगीने! ठिणगी उडाली की चोहीकडे लाटा जातात. आता माझ्या इंजिनात चार सिलिंडर. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सेकंदाला शंभर ठिणग्या. म्हणजे बॉनेटखाली मार्कोनी बसलाय आणि सेकंदाला शंभर तारा करतोय. त्याच्यापासून तीन फुटांवर मी पुणे केंद्र ऐकायचं, तेही वीस-पंचवीस मैलांवरून." म्हणूनच पेट्रोलच्या गाड्यांशी त्यांचं जन्माचं वैर. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे धूर ओकत खडखडत जाणारी सहा आसनी टमटम आपल्या नाकाला रुमाल लावायला लावते, तर काका तिला आदराने रस्ता देतात.

त्या मार्कोनीचं तोंड बंद करण्यात त्यांची तरुणपणाची चार वर्षं गेली. प्लगवर रेझिस्टरच्या कॅपा घातल्या. इग्निशन कॉइलला कंडेन्सर लावला, डायनॅमोला लावला, वायपरला लावला. बॉनेट बिजागऱ्यांवर नुसतं टेकलेलं असतं, त्यामुळे त्याचं अर्थिंग धड होत नाही म्हणून बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी बसवली. नाना पेठेतले गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकानदार त्यांना नावाने ओळखत, तपकीर गल्लीतले कंडेन्सरवाले ते दिसले की शटर खाली घ्यायला लागले. रेडिओच्या कडेला एक इवलासा स्क्रू असतो, त्याला एरियल ट्रिमर म्हणतात. पट्टीच्या वरच्या टोकाला, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, एखादं मरतुकडं स्टेशन लावायचं आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो स्क्रू फिरवायचा. हे काम रेडिओ बसवताना एकदा करायचं असतं. काका दर रविवारी करत. लोक रविवारी नखं कापतात तसं.

पुढे नवी कोरी मारुती आली. हार घालून, पेढे वाटून झाल्यावर काकांनी ड्रिल मशीन आणलं आणि मडगार्डला भोक पाडलं. एरियल बाहेर, उंचावर आणि उघड्या पत्र्यावर हवं. त्याच्या बुडाशी रंग खरवडून लोखंड लोखंडाला भिडलं पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. शास्त्र म्हणून यात एका अक्षराची चूक नाही. पण काकू दारात उभ्या होत्या. नव्या गाडीला पहिल्या दिवशी, कुंकू वाळायच्या आत भोक! त्या काही बोलल्या नाहीत. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी आलं आणि डावीकडे बसणाऱ्याच्या पायावर ठिबकू लागलं. डावीकडे काकूच बसतात. त्याही वेळी त्या काही बोलल्या नाहीत, फक्त एक प्लॅस्टिकची पाटी आणून पायाखाली ठेवली. ती पाटी गाडी विकेपर्यंत तिथेच होती.

एफएम आलं तेव्हा काकांचं गणित बदललं. पुण्याचं एफएम १०१ मेगाहर्ट्झवर. लाटेची लांबी तीन मीटरला किंचित कमी, तिचा चौथा हिस्सा ७४ सेंटिमीटर. म्हणजे एरियल बरोबर ७४ सेंटिमीटर बाहेर ओढलेलं पाहिजे. काकूंची ब्लाउजची मापं घ्यायची टेप तेव्हापासून गाडीच्या कप्प्यात राहते, आणि शिंपीणबाई आल्या की काकूंना पार्किंगमध्ये उतरावं लागतं. मी एकदा उगाच विचारलं, "मग मिडियम वेव्हला चौथा हिस्सा किती?" पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ, लाट ३७९ मीटरची. काकांनी क्षणात हिशेब केला. "पंच्याण्णव मीटर." आणि मग वर, आभाळाकडे, अशा नजरेने पाहिलं की मला भीती वाटली. महापालिकेची परवानगी मिळाली असती तर त्यांनी मारुतीवर पंच्याण्णव मीटरची काठी उभी केली असती.

एफएमने त्यांना आणखी एक खोड लावली, ती म्हणजे पुढे सरकण्याची. दांडेकर पुलाच्या चौकात लाल दिवा लागतो, आपली गाडी थांबते आणि इतका वेळ छान चाललेलं गाणं अचानक फुसफुसायला लागतं. आपण वैतागून आवाज कमी करतो. काका पहिला गिअर टाकतात. अडीच फूट पुढे गेलं की गाणं स्वच्छ! पण पट्टा ओलांडलेला असतो.

"साहेब, झेब्रावर आलात."

"अहो, खड्डा होता."

पोलिसाने चाकाखाली पाहिलं. डांबर गुळगुळीत.

"रस्त्यात नव्हे हो, लाटेत. स्टेशनकडून एक लाट सरळ येते, दुसरी त्या समोरच्या इमारतीवर आपटून येते. दोघींची गाठ पडते तिथे कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात. दर दीड मीटरला एक खड्डा. मी नेमका खड्ड्यात उभा होतो. पाऊण मीटर पुढे आलो की उंचवटा."

पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, लाटा राहू द्या. पावती घ्या."

काकांनी पावती घेतली, पण पोलिसाला जाताना एवढं विचारलं की, तुमच्या वॉकीटॉकीलाही या कोपऱ्यात खरखर येते का? तो म्हणाला, येते. "मग अडीच फूट डावीकडे उभे राहत जा." पुढच्या आठवड्यात आम्ही तिथून गेलो तेव्हा तो डावीकडे उभा होता. काकांना झालेल्या दंडाचं दुःख तिथे संपलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, माणूस संगीताचा वेडा असणार. मलाही वाटत होतं. कोल्हापूरच्या एका प्रवासात माझा तो समज गेला.

अंबाबाईच्या दर्शनाला निघालो होतो. पुणे सोडलं तेव्हा पुणे केंद्र खणखणीत लागत होतं. काकांनी ते ऐकलं नाही. सुई सांगलीकडे, १२५१ वर. नुसती सळसळ, तिच्या तळाशी कुणीतरी बोलतंय असा भास. शिरवळ गेलं, खंबाटकी घाट गेला, साताऱ्यात मिसळ झाली, काका मान तिरकी करून बसलेले. "आलं, आलं. बाई आहे. कृषिविषयक काहीतरी." उंब्रजला बाईंचे शब्द कळू लागले. कराडला सांगली अशी लागली की बाई मागच्या सीटवर येऊन बसल्यासारख्या. सोयाबीनच्या बियाण्याबद्दल छान सांगत होत्या. मी ऐकायला सरसावलो, तेवढ्यात काकांनी सुई उलटी फिरवली. पुणे! आता तिथे सळसळ होती.

"काका, सांगली आत्ता तर लागलं होतं!"

"लागलं ना? झालं तर मग. सांगली सांगलीत कोण ऐकतं?"

तेव्हा मला माणूस कळला. मासे धरणारे काही लोक मासा खात नाहीत, गळ टाकतात, ओढतात, वजन करतात आणि परत सोडून देतात. काकांनी गेल्या चाळीस वर्षांत हजारो गाणी, शेकडो भाषणं, बाजारभाव, हवामान, प्रादेशिक बातम्या असं सगळं पाण्याबाहेर काढलं आणि परत सोडलं. 'आपली आवड'मधलं एकही गाणं त्यांना अंतऱ्यापर्यंत येत नाही. मुखडा ऐकू आला की त्यांचं काम संपतं.

अंतरे काकूंना येतात, तेही गाडी बोगद्यात शिरल्यामुळे. कोल्हापूरहून परतताना खंबाटकीचा बोगदा लागतो. मिडियम वेव्ह त्याच्या तोंडाशीच मरते. ३७९ मीटरची लाट, तिला एवढ्याशा भोकात शिरता येत नाही. एफएमची तीन मीटरची लाट थोडी आतवर येते, मग तीही दमते. काका याला निसर्गाचा न्याय म्हणतात आणि बोगद्यात तेवढा वेळ शांत गाडी चालवतात. आणि काकू गाणं पुढे म्हणतात. रेडिओ जिथे गप्प झाला तो शब्द उचलून, त्याच लयीत, हलक्या पण पक्क्या आवाजात. बोगदा संपतो, रेडिओ पुन्हा जागा होतो, तेव्हा तो आणि काकू एकाच ओळीवर असतात. मी हे कानांनी ऐकलंय. एकदाच दोघांत अर्ध्या ओळीचं अंतर पडलं, तर काकू म्हणाल्या, "रेडिओवाल्यांनी मधलं म्युझिक खाल्लं." काकांनी हे कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्या आवाजात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

पाहुणे आले की काका त्यांना १९३० सालात नेतात. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी त्या सुमाराला मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटारीवरून 'मोटोरोला' नाव दिलं. पुढे कंपनीच त्या नावाची झाली. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे, ते गाडीत बसवायचे म्हणजे फरशी उचकटा, छत उसवून आत एरियल घाला, प्लगचा बंदोबस्त करा. काका हे इतक्या आपुलकीने सांगतात की फरशी त्यांनीच उचकटली असावी. "आणि काय सांगू, ड्रायव्हरचं लक्ष उडतं म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी मोटारीतल्या रेडिओवर बंदी आणायचं घाटत होतं!"

"शहाणी माणसं," आतून आवाज येतो. पोह्यांबरोबर.

पुतण्याने मध्यंतरी नवी गाडी घेतली. छतावर काठी नाही, माशाच्या परासारखा एक त्रिकोण. काकांनी तो हलवून पाहिला. बाजारात असे नुसते चिकटवायचे त्रिकोणही मिळतात, आत काही नसतं. याच्यात होतं. आत आखूड एरियल आणि आवाज उचलून धरणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. "म्हणजे पैलवानाच्या ऐवजी पोरगं उभं केलंय आणि त्याला कर्णा दिलाय," असा निकाल देऊन त्यांनी पुतण्याला गाडी लखलाभ म्हटलं. विजेवरच्या गाड्यांचा विषय मात्र त्यांच्यापुढे काढू नये. त्या मोटारींच्या गोंगाटापायी परदेशात काही कंपन्यांनी आपल्या गाड्यांतून मिडियम वेव्ह काढूनच टाकली, हे वाचलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. सर्दी होते म्हणून रुमाल लावला तर समजू शकतो, यांनी तर नाकच कापलं, असं म्हणाले.

त्यांच्या हल्लीच्या गाडीत दोन रेडिओ आहेत. वर कंपनीचा, एफएमपुरता. त्याच्या खाली पत्र्याच्या पट्ट्यांवर लटकलेला तो जुन्या बाजारातला, सुईचा. त्याच्यामुळे गिअर टाकताना बोटं सोलवटतात.

काही वर्षांपूर्वी त्या सुईच्या रेडिओने काकांना एका दुपारपुरतं देवपण दिलं. साताऱ्याहून येताना शिरवळच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. भारताचा एकदिवसीय सामना होता, शेवटच्या षटकांत रंगात आलेला. टपरीवर पंधरा-वीस पोरं एका मोबाइलवर डोकी लावून बसली होती. काकांनी गाडी टपरीला लावली, चार फूट मागे घेतली, दोन फूट पुढे घेतली आणि कॉमेंट्री लागली.

"चौकार," काका खिडकीतून म्हणाले.

पोरांनी मोबाइलवर पाहिलं. गोलंदाज अजून धावत यायचा होता. काका असेच बडबडतात असं समजून त्यांनी दुर्लक्ष केलं. अर्ध्या मिनिटाने चौकार गेला.

"आता एकच धाव. ओव्हरथ्रो नाही."

एकच धाव झाली. ओव्हरथ्रो नव्हता. टपरीत शांतता पसरली. चहावाल्याने गाळणं खाली ठेवलं.

गोष्ट साधी आहे. मोबाइलवर येणारं चित्र कुठल्या कुठल्या संगणकांतून साठत, थांबत येतं, आणि मिडियम वेव्ह मनोऱ्यावरून निघाली की लगेच सुईवर. पण त्या पोरांना हे कोण सांगणार? काकांनी तर नाहीच सांगितलं. "आउट," ते म्हणायचे, आणि अर्ध्या मिनिटाने माणूस आउट व्हायचा. एकाने खिशातून पन्नासची नोट काढून पुढच्या चेंडूचं विचारलं. एक म्हातारा बाकावरून उठून गाडीपाशी आला आणि जावयाची बदली कधी होईल म्हणाला. माझा चहा फुकट झाला, काकूंना बशीतून भजी आली. आपण अशा माणसाचे नातेवाईक आहोत याचा मला त्या वीस मिनिटांत जो अभिमान वाटला, तो आधी कधी वाटला नव्हता.

शेवटचा चेंडू. जिंकायला चार धावा. आता कुणी मोबाइलकडे पाहत नव्हतं, सगळी तोंडं खिडकीकडे.

काकांनी डोळे मिटले. "निघाला... टाकला... मारलाय! वर गेलाय, उंच गेलाय, खाली माणूस आहे, माणूस मागे मागे..."

टिक्-टिक्-टिक्-टिक्-टर्रर्र.

टपरीला एक जुनी पेट्रोलची रिक्षा येऊन लागली होती. तिचं इंजिन चालूच.

पोरांनी आरडाओरडा केला, मग भान येऊन मोबाइलकडे धावली. तिथे गोलंदाज आत्ता कुठे चेंडू पँटला घासत होता. काका गाडीतून उतरले. मला वाटलं, तेही मोबाइलपाशी जातील. ते सरळ रिक्षापाशी गेले.

"इंजिन बंद कर."

"का हो काका?"

"तुझी प्लगची कॅप दाखव."

रिक्षावाला वयाने लहान आणि स्वभावाने भला. त्याने मागचं झाकण उघडलं. मागे टपरीवर एकदम मोठा कल्लोळ उठला, तो आनंदाचा होता की दुःखाचा ते मला पाठमोरं कळेना. काकांनी मानसुद्धा वळवली नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी कॅप हातात धरली होती. "बघ. साधी आहे. यात रेझिस्टरवाली टाकायची. नाना पेठेत मिळेल. माझं नाव नको सांगूस, नाहीतर देणार नाहीत."

"अहो," काकू गाडीतून भजं हातात धरून म्हणाल्या, "काय झालं मॅचचं?"

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. इंजिन बंद होतं. जुन्या रेडिओतून कुठल्याशा खताची जाहिरात येत होती, मागे एक कण खरखर नाही. त्यांनी ती पूर्ण वाक्यभर ऐकली, समाधानाने उठले, पँटची धूळ झटकली, गाडीत येऊन बसले आणि सुई सांगलीकडे सरकवली.